पासष्ट हजारांचा गेमिंग संगणक: कोटेशनवर न लिहिलेल्या गोष्टींचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

जून २०२३ मध्ये तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मी सांगलीत संगणक देखभालीचे आणि हार्डवेअर शिकवण्याचे काम करतो, त्यामुळे खरेदीपूर्वी सल्ला विचारायला येणारी कुटुंबे मला नवीन नाहीत. या प्रकरणाची मात्र मी सुरुवातीपासून वहीत नोंद ठेवली होती, आणि कुटुंबाच्या परवानगीने, त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळून, ती येथे मांडत आहे.

मुलगा संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाणार होता आणि घरूनच एसटीने महाविद्यालयात ये-जा करत होता. त्याला अभ्यासासाठी संगणक हवा होता आणि खेळण्यासाठीही हवा होता, आणि यांपैकी दुसरी गोष्ट त्याने वडिलांपासून लपवली नव्हती. बेदाण्याच्या सौद्याचे पैसे नुकतेच हातात आले होते. त्यातून ६५,००० रुपये या कामासाठी बाजूला काढले होते आणि त्या आकड्यात मॉनिटर, कीबोर्ड, माऊस असे सगळेच यायला हवे होते. वडिलांनी एकच अट घातली. ते म्हणाले, "सर, आकडा एकदाच सांगा. निम्म्यातून पुन्हा पैसे मागायची वेळ येऊ देऊ नका. पुढचे पैसे आता पुढच्या हंगामालाच."

ही अट मला महत्त्वाची वाटली. पगारदार घरात ग्राफिक्स कार्ड तीन महिन्यांनी घेऊ असे म्हणता येते, परंतु जेथे पैसा वर्षातून एकदाच येतो तेथे टप्प्याटप्प्याने खरेदी करण्याचा सल्ला कागदावर शहाणपणाचा दिसला तरी प्रत्यक्षात वर्षभर अर्धवट यंत्र वापरण्याचा सल्ला ठरतो.

समस्या

त्यांच्या हातात एका दुकानाचे कोटेशन होते: आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी (फायली साठवण्याची जागा), एसएमपीएससह (वीजपुरवठ्याची पेटी) गेमिंग कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर, एकूण ३२,००० रुपये. मुलाने स्वतः इंटरनेटवर पाहून केलेली यादी ७८,००० रुपयांवर गेली होती, आणि त्या यादीतही प्रोसेसर आय५, रॅम १६ जीबी आणि एसएसडी ५१२ जीबीच होती. वडिलांचा प्रश्न अगदी रास्त होता: शब्द तेच असताना एक वस्तू दुपटीहून महाग कशी?

मी दुकानदाराला फोन करून प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक विचारला आणि त्यांनी तो कोणतीही आडकाठी न करता सांगितला. प्रोसेसर आय५-३४७० होता, म्हणजे २०१२ मधला, तिसऱ्या पिढीचा, चार कोअर (गणना करणारे विभाग) आणि चारच थ्रेडचा (एका वेळी चालणारी कामे). मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) एच६१ चिपसेटचा होता. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३० होते, म्हणजे २०१४ मधले. 'आय५' हे प्रोसेसरचे नाव नसून इंटेलने २००९ पासून दर पिढीत वापरलेले एक घराणे आहे, आणि त्या घराण्यातील दहा वर्षे जुना प्रोसेसर तेव्हाच्या नव्या आय३ च्याही बराच मागे राहतो, हे त्या कोटेशनवरून कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता.

'४ जीबी ग्राफिक्स कार्ड' या शब्दांनी तर आपल्याकडच्या ग्राहकांचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ही मेमरी म्हणजे कार्डाची साठवणीची जागा. ती किती वेगाने भरली आणि रिकामी केली जाते आणि तिच्यावर काम करणारी चिप किती ताकदीची आहे, हे वेगळेच प्रश्न आहेत. जीटी ७३० च्या डीडीआर३ मेमरी असलेल्या ६४-बिट प्रकारात ही वाहतूक सेकंदाला सुमारे १४.४ जीबी असते. आम्ही शेवटी निवडलेल्या कार्डात ती २२४ जीबी आहे. एका मोठ्या गोदामाला एकच अरुंद दरवाजा असावा, तशी त्या ४ जीबीची गत आहे.

याखेरीज विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि मुलगा जो खेळ मित्रांबरोबर रोज खेळणार होता तो व्हॅलोरंट, विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी सुरू असल्याशिवाय चालत नाही. जुन्या यंत्रावर विंडोज १० घालता आले असते, पण त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने तेव्हाच जाहीर केलेले होते. म्हणजे ३२,००० रुपयांचे ते यंत्र जेमतेम दोन वर्षांसाठी होते.

दुकानदाराने फसवले असे मला त्या वेळीही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. "गेम खेळायला स्वस्तात संगणक पाहिजे" एवढेच त्यांना सांगितले गेले होते. कोणते खेळ, कोणत्या पडद्यावर, किती वर्षे, यातले काही विचारले गेले नव्हते आणि सांगितलेही गेले नव्हते. कोटेशनवर जे छापलेले नव्हते तेच या खरेदीत निर्णायक होते, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला प्रश्न लॅपटॉपचा होता. त्या वेळी या किमतीत जीटीएक्स १६५० किंवा ४ जीबीचे आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड असलेले गेमिंग लॅपटॉप मिळत होते. मुलगा वसतिगृहात राहणार असता तर मी लॅपटॉपच सुचवला असता. परंतु तो घरी राहत होता, महाविद्यालयात प्रयोगशाळा होती, आणि लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड पुढे सहसा बदलता येत नाही. शिवाय घरात धाकटी बहीण होती, तिलाही अभ्यासाला मोठा पडदा उपयोगी पडणार होता. हा निर्णय फारशी चर्चा न होता झाला.

दुसरा प्रश्न टप्प्यांचा. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच बऱ्यापैकी ग्राफिक्स असते. तो घेऊन कार्ड नंतर घ्यावे असे माझे स्वतःचे पहिले मत होते. व्हॅलोरंट त्यावर चांगले चालले असते. पण सायबरपंक २०७७ सारख्या खेळासाठी ते अपुरे होते, आणि या प्रोसेसरची एल३ कॅशे (त्याच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, तर कार्डाशिवाय चित्रच न देणाऱ्या साध्या ५६०० ची ३२ एमबी. म्हणजे नंतर कार्ड घेतल्यावर पहिल्या टप्प्याची तडजोड यंत्रात कायमची राहिली असती. त्याहून मोठे कारण बाजाराचे होते. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंग (कार्डांवर गणिते चालवून आभासी चलन मिळवणे) आणि चिपटंचाईमुळे कार्डे छापील किमतीच्या दुपटीला विकली जाताना मी पाहिली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धत सोडून दिली आणि त्यानंतर किमती उतरल्या. २०२३ च्या मध्यात कार्ड घेणे सोयीचे होते. ते वर्षभर पुढे ढकलण्यात मला धोका दिसला. वडिलांची अट आणि बाजाराची स्थिती एकाच दिशेला होती, म्हणून मी माझे मत बदलले.

तिसरा पर्याय वापरलेल्या कार्डाचा. इथेरियमच्या त्या बदलानंतर मायनिंगमधून निघालेली आरएक्स ५८० कार्डे बाजारात भरपूर होती आणि ८ जीबीचे कार्ड सात-आठ हजारांत मिळत होते. किंमत मोह पाडणारी होती हे मान्य करायला हवे. पण त्यांतली पुष्कळशी कार्डे २०४८ कोअरची कमी ताकदीची आवृत्ती असतात, तर मूळ कार्डात २३०४ कोअर असतात, आणि खोक्यावर दोन्हींचे नाव सारखेच दिसते. कार्ड १८५ वॅट खाते, आणि वॉरंटी म्हणजे सात दिवसांचे चेकिंग. सहा महिन्यांनी पंखा किंवा मेमरी गेली तर या घराकडे दुसरे कार्ड घ्यायला पैसे नव्हते. जोखीम पेलण्याची ऐपत असलेल्यानेच हा पर्याय घ्यावा, असे मी त्यांना सांगितले.

मुख्य निर्णय: पडदा आधी, कार्ड नंतर

बहुतेक लोक प्रोसेसरपासून यादी सुरू करतात. मी मुलाला मॉनिटरपासून सुरू करायला लावले, कारण ग्राफिक्स कार्डाला किती काम पडणार हे पडदा ठरवतो. १०८० रेषांच्या फुल एचडी पडद्यापेक्षा १४४० रेषांच्या पडद्यावर जवळजवळ पावणेदोन पट बिंदू रंगवावे लागतात, आणि त्या हिशेबाचे कार्ड आमच्या आवाक्यात नव्हते. म्हणून २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेल एवढे नक्की झाले. प्रश्न राहिला तो ७५ हर्ट्झ की १६५ हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलणार. फरक सुमारे साडेतीन हजारांचा होता. मुलगा मुख्यतः वेगवान नेमबाजीचा खेळ खेळणार होता, आणि मॉनिटर हा संगणकाचा सर्वांत जास्त वर्षे टिकणारा भाग असतो. प्रोसेसर आणि कार्ड दोनदा बदलले तरी तोच पडदा समोर राहतो. म्हणून १६५ हर्ट्झ घेतला.

आता कार्ड. नव्यामध्ये चार नावे पुढे होती. जीटीएक्स १६५० चे वय २०१९ चे होते आणि मेमरी ४ जीबी. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त होते, पण त्याचे मदरबोर्डशी जोडणारे मार्ग केवळ चार आहेत, त्यामुळे या मार्गांचे जुने, संथ मानक पीसीआयई ३.० वापरणाऱ्या स्वस्त बोर्डावर त्याचा वेग लक्षणीय घटतो. म्हणजे ज्या ग्राहकासाठी ते बनवले त्याच्याच यंत्रात ते सर्वांत वाईट चालते. शिवाय खेळ ध्वनिचित्रमुद्रित करण्याची सोयही त्यात नाही. ही दोन्ही बाजूला ठेवल्यावर आरटीएक्स ३०५० आणि आरएक्स ६६०० उरली, दोन्ही ८ जीबीची.

येथे आम्ही जवळजवळ दोन तास बसलो, आणि या प्रकरणातला खरा कठीण निर्णय हाच होता. फुल एचडी पडद्यावर आरएक्स ६६०० हे आरटीएक्स ३०५० पेक्षा साधारण २५ टक्के किंवा त्याहून थोडे अधिक वेगवान आहे. दोन्हींचा वीजवापर १३० वॅटच्या आसपास आहे. तरीही त्या वेळी आरटीएक्स ३०५० सुमारे चार हजारांनी महाग होते, आणि आरएक्स ६६०० साधारण २१,००० रुपयांना मिळत होते. केवळ खेळ पाहिले तर विचार करण्यासारखे काही नव्हते. परंतु एनव्हिडियाच्या (आरटीएक्स ३०५० बनवणारी कंपनी) कार्डावर क्युडा ही तिची गणिते चालवणारी प्रणाली चालते, आणि मशीन लर्निंगची बहुतेक साधने क्युडा गृहीत धरून लिहिलेली असतात. मुलगा संगणक अभियांत्रिकीचा होता. मी त्याला विचारले, "पुढे मशीन लर्निंग घेणार आहेस का?" तो म्हणाला, "अजून ठरवलं नाही, सर. पण घेतलं तर कॉलेजची लॅब आहे."

हे उत्तर मी पुरेसे मानले. आरएक्स ६६०० ठरले. या निर्णयाकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

आय३-१२१००एफ एच६१० बोर्डासह सुमारे १५,३०० रुपयांत आणि रायझन ५ ५६०० बी४५० बोर्डासह सुमारे १८,००० रुपयांत बसत होता. खेळांत पहिला प्रोसेसर दुसऱ्याच्या फार मागे नाही, आणि निव्वळ गेमिंगसाठी मी तोच घेतला असता. पण चार कोअर आणि सहा कोअर यांतला फरक आभासी यंत्रे (एका संगणकात चालणारा दुसरा संगणक) चालवताना आणि मोठे प्रकल्प कंपाइल करताना जाणवतो. मुलाच्या अभ्यासक्रमात हे दोन्ही येणार होते. शिवाय रायझनच्या त्याच एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवण्याची खाच) पुढे अधिक वेगवान ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवता येणार होता.

बी४५० बोर्डावर ६६०० कार्ड पीसीआयई ३.० च्या वेगाने चालते. कार्डाला आठ मार्ग असल्यामुळे होणारे नुकसान थोडके आहे, आणि बी५५० बोर्डासाठी लागणारे जास्तीचे अडीच हजार मॉनिटरमध्ये घालणे मला योग्य वाटले. खबरदारी एकाच गोष्टीची घ्यायची होती: बी४५० चिपसेट रायझन ५६०० ज्यात येतो त्या ५००० मालिकेपेक्षा जुना आहे, त्यामुळे बोर्डाचा बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) जुना असेल तर नवा प्रोसेसर ओळखलाच जात नाही आणि पडदा काळा राहतो. खोक्यावर 'रायझन ५००० साठी तयार' असे स्टिकर असलेलाच बोर्ड घ्यायचा, हे मी कागदावर अधोरेखित करून दिले.

रॅम एकच १६ जीबीची कांडी न घेता ८ जीबीच्या दोन घ्यायच्या, कारण दोन कांड्यांमुळे प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे दोन मार्ग मिळतात. कोटेशनवर दोन्ही वेळा '१६ जीबी' एवढेच लिहिले जाते.

एसएमपीएस आणि घरची वीज

पहिल्या कोटेशनमधल्या कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर मोठा आकडा छापलेला होता, पण कोणतेही प्रमाणन नव्हते. एसएमपीएसवरचा एकूण आकडा फसवा असू शकतो; १२ व्होल्टच्या वाहिनीवर तो किती अँपिअर देतो हे बाजूच्या तक्त्यात वाचावे लागते, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघेही त्याच वाहिनीवर जगतात. आमच्या यंत्राची गरज मोजली तर प्रोसेसरला कमाल ७६ वॅट, कार्डाला १३२ वॅट आणि बाकी सगळ्याला पन्नासेक, म्हणजे साधारण २६० वॅट होती. एएमडी या कार्डासाठी किमान ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. आम्ही ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या प्रमाणनाचा, सुमारे ४,००० रुपयांचा घेतला. ही रक्कम वडिलांना डोळ्यांत भरली, कारण पेटी दिसायला तशीच होती. मी त्यांना बागेच्या मोटरचे उदाहरण दिले: स्टार्टर हलका घेतला तर जळते ती मोटर. त्यांना अधिक काही सांगावे लागले नाही.

घरात वीज वारंवार जात होती, म्हणून युपीएसचा प्रश्न आला, आणि त्याचे पाच-सहा हजार कोणत्याच यादीत नव्हते. सुदैवाने घरात ९०० व्हीएचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर होता. आधुनिक एसएमपीएस चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर कुरकुर करतात किंवा बंद पडतात, त्यामुळे मी त्याच्या पाटीचा फोटो मागवून खात्री केली. दुसरा मुद्दा वेळेचा होता. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःतील साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, तर इन्व्हर्टर साध्या मोडवर त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो आणि संगणक बंद पडतो. पुष्कळ इन्व्हर्टरना मागच्या बाजूला युपीएस मोडचा खटका असतो. या इन्व्हर्टरलाही तो होता, पण कोणी कधी वापरला नव्हता. तो खटका बदलल्यावर पाच-सहा हजार वाचले.

प्रत्यक्ष खरेदी आणि जोडणी

प्रोसेसर, बोर्ड आणि कार्ड मुलाच्या मामांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घेतले, कारण तेथे एका रस्त्यावर दहा दुकानांत भाव विचारता येतो. मी तीन सूचना दिल्या होत्या: प्रोसेसर खोक्यातला हवा, सुटा ट्रेमधला नको, बिल जीएसटीचे हवे आणि त्यावर अनुक्रमांक हवेत, आणि भारतातील अधिकृत वितरकाची वॉरंटी आहे याची खात्री करायची. एका दुकानात बिलाशिवाय कार्ड दीड हजारांनी स्वस्त मिळत होते. मामांनी फोन केला, आणि मुलाने स्वतःच नको म्हणून सांगितले. तीन वर्षांची वॉरंटी असलेल्या वस्तूचे बिल सोडणे म्हणजे वॉरंटीच सोडणे, हे त्याने तोपर्यंत समजून घेतले होते.

मॉनिटर, कॅबिनेट, एसएमपीएस, रॅम आणि एसएसडी आम्ही पहिले कोटेशन देणाऱ्या त्याच दुकानातून घेतले. मॉनिटर प्रवासात फुटण्याची भीती असते, आणि पॅनेलमध्ये दोष निघाला तर जवळचे दुकान हाताशी असावे. मॉडेल क्रमांकांसह यादी पुढे ठेवल्यावर त्या दुकानदाराने भाव योग्य लावले. कॅबिनेट समोरून काच असलेले न घेता जाळीचे घेतले. तासगावच्या एप्रिलमध्ये काचेमागे पंखे लावून उपयोग नसतो.

एकूण खर्च वायफाय डोंगल धरून सुमारे ६५,७०० रुपये झाला. विंडोजच्या परवान्याचा खर्च यात नव्हता. तो मी सुरुवातीलाच मांडायला हवा होता, कारण ती आकड्यात न धरलेली रक्कम होती आणि वडिलांना मी शब्द दिला होता. परवाना दिवाळीत मुलाने शिकवणी घेऊन मिळवलेल्या पैशांतून घेतला.

जोडणी मुलाने माझ्यासमोर केली. संगणक पहिल्या प्रयत्नात सुरू झाला, आणि येथेच बरेच लोक थांबतात. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग ३२०० ऐवजी २४०० दिसत होता, कारण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लागू करणारी सोय) सुरू केल्याशिवाय रॅम आपल्या मूळ संथ वेगानेच चालते. कांड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, हे पाहिले. मॉनिटरची वायर कार्डाला लावली होती, पण विंडोजच्या सेटिंगमध्ये पडदा ६० हर्ट्झवरच होता. १६५ निवडेपर्यंत जास्त दिलेले साडेतीन हजार निरुपयोगी होते. या तीन गोष्टींना मिळून दहा मिनिटे लागली.

परिणाम

व्हॅलोरंट सेकंदाला १६५ चित्रांच्या वर स्थिर चालू लागले, जीटीए ५ उच्च सेटिंगवर निर्वेध, आणि सायबरपंक मध्यम ते उच्च सेटिंगवर सेकंदाला साठच्या आसपास चित्रांनी. कार्डाचे तापमान उन्हाळ्यातही आटोक्यात राहिले.

परंतु चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला. "सर, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. आईलाही आल्या." मी त्याला संगणक तत्काळ बंद करून प्लग काढायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. सॉकेट तीन पिनांचे होते, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच जोडलेली नव्हती. एसएमपीएसमधील गाळणीचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात; अर्थिंग असेल तर त्यांचा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो, आणि नसेल तर पत्र्यावर जवळजवळ निम्मा दाब उभा राहतो. एसएमपीएस निर्दोष होता. घराचे अर्थिंगच नव्हते. हीच उणीव फ्रिज आणि पाण्याच्या मोटरच्या बाबतीतही होती, आणि तेथे एखादा दोष निर्माण झाला असता तर निभावले नसते. वायरमनकडून खड्डा घेऊन, कोळसा आणि मीठ भरून, सॉकेटपर्यंत वायर ओढून घेतली. खर्च संगणकाच्या हिशेबात धरला नाही, पण हे काम संगणकाच्या आधी व्हायला हवे होते.

वेगळे काय करता आले असते

अर्थिंगची चूक माझी आहे. इन्व्हर्टरच्या पाटीचा फोटो मी मागवला, पण ज्या सॉकेटला तो संगणक लागणार होता ते तपासायला वायरमन बोलवा, असे सांगितले नाही. आता ग्रामीण भागातून येणाऱ्या प्रत्येकाला मी यादीआधी हे विचारतो.

दुसरी चूक एसएसडीची. आम्ही ५०० जीबीची घेतली, जी विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते. प्रणाली, तीन खेळ आणि अभ्यासाची आभासी यंत्रे एवढ्यात ती चार महिन्यांत भरली. १ टीबीची एसएसडी तेव्हा सतराशे रुपये जास्त देऊन मिळाली असती, आणि २०२३ चा मध्य हा एसएसडीच्या किमतींचा तळ होता. त्यानंतर भाव चढत गेले. मुलाने २०२४ मध्ये दुसरी एसएसडी जोडली ती वाढलेल्या भावाने. कॅबिनेट हजाराने हलके घेतले असते तर ही वेळ टळली असती, कारण कॅबिनेट यंत्राच्या वेगात भर घालत नाही आणि जाळीदार, साधे कॅबिनेट कमी किमतीतही मिळते.

टप्प्याटप्प्याने खरेदी न करण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. ग्राफिक्स कार्डाच्या निर्णयाबद्दल तसे म्हणता येत नाही. तिसऱ्या वर्षी मुलाने मशीन लर्निंग हा विषय घेतला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एनव्हिडियाची कार्डे आहेत, पण ती सायंकाळी पाचनंतर बंद होते आणि त्याची एसटी त्याआधीच निघते. घरी तो इंटरनेटवरील मोफत सेवेत काम करतो, आणि तिची वेळमर्यादा संपली की सकाळपर्यंत थांबतो. 'कॉलेजची लॅब आहे' हे उत्तर मी पुरेसे मानले तेव्हा त्या लॅबची वेळ विचारली नव्हती. ती विचारली असती तर चार हजार जास्त देऊन संथ कार्ड घ्यावे का, हा प्रश्न आम्ही आणखी एकदा मोजला असता, आणि मॉनिटर ७५ हर्ट्झचा घेऊन ते पैसे निघालेही असते. मुलाला विचारले तर तो आजही १६५ हर्ट्झचा पडदाच निवडतो. वडील मात्र म्हणतात की लॅबची वेळ त्यांना कोणी विचारली असती तर त्यांनी सांगितली असती, कारण एसटीचे वेळापत्रक त्यांना पाठ आहे.